ल्युकेमियाच्या पेशींवर ग्रोथ फॅक्टर नेमकं काय करतो? प्रयोगशाळेत हे तपासायची पद्धत, पायरीपायरीने

टीएफ-१ या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींच्या फ्लास्कमधून जीएम-सीएसएफ हे ग्रोथ फॅक्टर प्रथिन काढून घेतलं, तर पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली फारसा फरक दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पेशी आक्रसायला लागतात, कडा खडबडीत होतात, माध्यमात बारीक कचरा तरंगू लागतो. शेजारच्या फ्लास्कमधल्या के५६२ पेशींना मात्र याचं सोयरसुतक नसतं, त्या आपल्या रोज दुप्पट होत राहतात. दोन्ही ल्युकेमियाच्याच पेशी, पण एक बाहेरून मिळणाऱ्या प्रथिनाच्या जिवावर जगते आणि दुसरीची ती गरज कधीच संपलेली आहे.

हा फरक नीट मोजायचा कसा, ते इथे सांगतो. लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला लागलेल्यांसाठी आहे. सेल कल्चरचा हात थोडाफार बसलेला आहे असं धरून चालतो.

आधी प्रश्न ठरवा

'फॅक्टर दिल्यावर पेशी वाढल्या' असं प्रबंधात सर्रास लिहिलेलं असतं. पण ग्रोथ फॅक्टर तीन वेगवेगळ्या गोष्टी करू शकतो: पेशीला मरू न देणं, तिला विभाजनाला लावणं, किंवा तिला परिपक्व करून विभाजनच थांबवणं. नाव 'ग्रोथ' असलं तरी तिसरी गोष्टही तितकीच खरी आहे. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांच्या गटाने उंदराच्या डब्ल्यूईएचआय-३बी या ल्युकेमिया पेशींना जी-सीएसएफ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिला, तेव्हा त्या परिपक्वतेकडे वळल्या आणि त्यांची स्वतःला पुन्हा घडवत राहण्याची ताकद ओसरली. एलआयएफ या प्रथिनाच्या नावातच 'ल्युकेमिया रोखणारा घटक' आहे, कारण उंदराच्या एम१ ल्युकेमिया पेशींना ते परिपक्व करून थांबवतं. तेव्हा या तिघांपैकी काय तपासायचंय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एकाच एमटीटी (पेशींच्या चयापचयावरून रंग देणारी चाचणी) प्लेटवरून तिन्हींची उत्तरं देऊ पाहणं हाच या कामातला सगळ्यात मोठा घोळ आहे.

पेशींची निवड

किमान दोन पेशीरेषा (एकाच नमुन्यातून प्रयोगशाळेत कायम वाढत ठेवलेल्या पेशी, सेल लाइन) हव्यात, एक फॅक्टरवर अवलंबून असलेली आणि एक नसलेली. टीएफ-१ ही रेषा एरिथ्रोल्युकेमिया झालेल्या एका ३५ वर्षांच्या जपानी पुरुषाच्या अस्थिमज्जेतून आली आणि १९८९ साली प्रसिद्ध झाली. तिला जीएम-सीएसएफ किंवा आयएल-३ (इंटरल्युकिन-३) लागतंच. एरिथ्रोपॉयटिनवर ती काही काळ तग धरते, एससीएफलाही (स्टेम सेल फॅक्टर) प्रतिसाद देते. के५६२ ही ५३ वर्षांच्या, सीएमएलच्या (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) ब्लास्ट क्रायसिस या शेवटच्या, तीव्र टप्प्यातल्या एका महिलेच्या नमुन्यातून आलेली. तिच्यात बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन सतत चालू असतं, म्हणून बाहेरच्या निरोपाची तिला वाट बघावी लागत नाही. परिपक्वता बघायची असेल तर एचएल-६० ही रेषा घ्या. एफएलटी३-आयटीडी हा एफएलटी३ जनुकातला बदल हवा असेल तर एमव्ही४-११.

आपल्याकडे पेशीरेषा मिळवण्याची नेहमीची जागा म्हणजे पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस. शेजारच्या लॅबमधून 'एक व्हायल दे ना' म्हणून आणलेल्या पेशींवर अख्खा प्रबंध उभारू नका. आणल्याच, तर आधी एसटीआर प्रोफाइल करून ओळख पटवा आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी करा. मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशी उपासमारीला वेगळाच प्रतिसाद देतात, एमटीटीचे आकडेही बिघडतात, आणि डोळ्यांना माध्यम अगदी स्वच्छ दिसत राहतं.

सांभाळण्याची कृती सोपी आहे. आरपीएमआय १६४० हे माध्यम, १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सिरम), टीएफ-१ साठी दर मिलिलीटरला २ ते ५ नॅनोग्रॅम मानवी जीएम-सीएसएफ, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दाटी दर मिलिलीटरला २ लाख ते १० लाखांच्या दरम्यान ठेवा. महाग आहे म्हणून जीएम-सीएसएफ निम्मं घालण्याचा मोह फार होतो. तसं महिनोन्महिने केलं की कमी फॅक्टरवर, पुढे फॅक्टरशिवायही, तग धरणाऱ्या पेशींची निवड होत जाते. मग एक दिवस 'आमच्या टीएफ-१ला जीएम-सीएसएफ लागतच नाही' असा शोध लागतो. म्हणून सुरुवातीच्याच पॅसेजच्या भरपूर व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा आणि दोनेक महिन्यांनी नवी व्हायल काढा.

फॅक्टरची कुपी

कोरड्या पावडरच्या रूपात येणाऱ्या रिकॉम्बिनंट प्रथिनाची कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. पावडर बहुतेकदा झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्यांना दिसतही नाही. माहितीपत्रकात सांगितलेल्या द्रवातच विरघळवा, व्हॉर्टेक्स करू नका, हलक्या हाताने फिरवा. पुढचं पातळ करणं ०.१ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असलेल्या द्रवात करा, कारण नॅनोग्रॅमच्या पातळीवर प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसतं आणि पेशींपर्यंत पोचतच नाही. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

वजनाइतकीच क्रियाशीलताही बघा. ईडी५० म्हणजे अर्धा परिणाम देणारी मात्रा. ती दर मिलिलीटरला ०.१ नॅनोग्रॅम असेल तर विशिष्ट क्रियाशीलता दर मिलिग्रॅमला १ कोटी युनिट. लॉट बदलला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून प्रत्येक प्लेटच्या नोंदीत लॉट क्रमांक हवा.

प्रजातीचंही भान ठेवा. मानवी जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही, उंदराचं माणसाच्या पेशींवर नाही. आयएल-३चंही तसंच. जी-सीएसएफ मात्र दोन्हीकडे चालतं. बीए/एफ३ या उंदराच्या पेशींना मानवी आयएल-३ घालून 'प्रतिसाद नाही' असा निष्कर्ष काढला, तर दोष पेशींचा नव्हे.

उपाशी ठेवणं

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी पेशी ३०० जी वर ५ मिनिटं फिरवून खाली बसवा, वरचं माध्यम काढा आणि साध्या आरपीएमआयने तीनदा धुवा. एकदा धुऊन भागत नाही. तळाशी राहिलेल्या १०० मायक्रोलीटरमधला फॅक्टरही प्लेटमधल्या कमी मात्रेच्या विहिरींना (वेल्सना) पुरेसा होतो, आणि मग 'शून्य' मात्रेची विहीर शून्य राहत नाही.

मग फॅक्टरशिवाय माध्यमात १६ ते १८ तास ठेवा. सिरम किती ठेवायचं याबाबत मतं वेगळी आहेत. वाढीच्या प्रयोगाला मी पूर्ण १० टक्के ठेवण्याच्या बाजूचा आहे. त्यामुळे एकच गोष्ट बदलते, ती म्हणजे फॅक्टर. सिग्नलिंगच्या प्रयोगात मात्र सिरम ०.५ ते १ टक्क्यावर आणावं, कारण एफबीएसमध्ये स्वतःचेच इन्सुलिनसारखे घटक आणि टीजीएफ-बीटा असतात आणि त्यांचा गोंगाट वेस्टर्न ब्लॉटच्या पट्ट्यांमध्ये दिसतो. काहीही ठरवलंत तरी एका अभ्यासात एफबीएसचा लॉट एकच राहू द्या.

सकाळी ट्रायपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) जिवंत पेशी मोजा. ८५ टक्क्यांच्या खाली असतील तर प्लेट लावू नका, आधीच मरणपंथाला लागलेल्या पेशी कुठल्याच फॅक्टरला धड उत्तर देत नाहीत. उपासमार शुक्रवारी संध्याकाळी सुरू करू नका हेही ओघाने आलंच. इन्क्युबेटरला जनरेटरचा किंवा यूपीएसचा आधार आहे ना, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

प्लेट लावणं

९६ विहिरींच्या प्लेटमधल्या कडेच्या विहिरी पीबीएसने (फॉस्फेटचं मिठाचं द्रावण) भरून सोडून द्या, तिथलं माध्यम आधी आटतं. उरलेल्या ६० वापरा.

फॅक्टर दुप्पट तीव्रतेचा करून घ्या. पहिल्या नळीत दर मिलिलीटरला २० नॅनोग्रॅमचं ४५० मायक्रोलीटर द्रावण. पुढच्या सहा नळ्यांत प्रत्येकी ३०० मायक्रोलीटर माध्यम घेऊन एकीतून दुसरीत १५० असं सरकवत जा, दर वेळी टिप बदलून. आठवी नळी नुसत्या माध्यमाची. प्रत्येक विहिरीत पेशींचं द्रावण ५० मायक्रोलीटर (दर मिलिलीटरला २ लाख, म्हणजे विहिरीत १०,००० पेशी) आणि त्यावर फॅक्टरचं ५० मायक्रोलीटर. अंतिम मात्रा येतात १०, ३.३, १.१, ०.३७, ०.१२, ०.०४, ०.०१४ आणि ० नॅनोग्रॅम. प्रत्येकीच्या चार विहिरी.

के५६२ त्याच प्लेटवर ०, १ आणि १० नॅनोग्रॅमला लावा, पण विहिरीत ३,००० पेशींपासून सुरुवात करा, नाहीतर ७२ तासांत त्या माध्यम संपवून बसतील. पेशी नसलेलं माध्यम चार विहिरींत. जीएम-सीएसएफच्या जोडीला त्याला निष्प्रभ करणारं प्रतिपिंड, आणि वेगळ्या विहिरींत त्याच जातीचं कुठल्याही लक्ष्याला न चिकटणारं प्रतिपिंड, हेही हवं. बाहेरून घातलेल्या प्रथिनामुळेच परिणाम झाला, हे दाखवायला हाच सरळ पुरावा.

मोजणी, आणि एमटीटी कुठे फसवतो

७२ तासांनी एमटीटी घाला, अंतिम तीव्रता दर मिलिलीटरला ०.५ मिलिग्रॅम, तीन ते चार तास. तळाशी जांभळ्या सुया दिसू लागतात. चिकटून वाढणाऱ्या पेशींच्या पद्धतीप्रमाणे वरचं माध्यम ओतून टाकू नका, इथे पेशी तरंगत्या आहेत आणि माध्यमाबरोबर त्याही जातील. एसडीएस आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण तसंच वरून घाला, रात्रभर विरघळू द्या आणि ५७० नॅनोमीटरला वाचा.

आता मुद्द्याची गोष्ट. एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची चयापचय-क्रिया मोजतो. ग्रोथ फॅक्टर मिळाला की पेशी ग्लुकोज जास्त ओढून घेते आणि आकाराने मोठी होते, म्हणजे एकही विभाजन न होता रंग गडद होऊ शकतो. म्हणून समांतर प्लेटवर ट्रायपॅन ब्लू आणि हिमोसायटोमीटरने प्रत्यक्ष मोजणी करा. सूत्र असं: कोपऱ्यातल्या चार मोठ्या चौकोनांची सरासरी, गुणिले २ (रंगामुळे झालेलं पातळीकरण), गुणिले १०,०००.

समजा सुरुवातीला दर मिलिलीटरला १ लाख पेशी होत्या. ७२ तासांनंतर फॅक्टरशिवाय सरासरी २ जिवंत पेशी दिसल्या, म्हणजे ४०,०००. 'क्ष' नावाच्या घटकासोबत ५ दिसल्या, म्हणजे १ लाख. जीएम-सीएसएफसोबत २० दिसल्या, म्हणजे ४ लाख. आलेख नियंत्रणाच्या तुलनेत काढला तर 'क्ष'ने अडीच पट 'वाढ' केली असं दिसेल, आणि बरेच जण तसंच लिहूनही टाकतात. पण सुरुवातच १ लाखाने झाली होती! 'क्ष'मुळे पेशींची संख्या एकानेही वाढलेली नाही, तिची घसरण तेवढी थांबली. खरी वाढ दिसते ती फक्त जीएम-सीएसएफमध्ये. म्हणून शून्य तासाची मोजणी आलेखात आडव्या रेषेने दाखवा. या एका रेषेने अर्धे वाद मिटतात.

जगल्या, विभागल्या की परिपक्व झाल्या?

उरलेला अर्धा वाद असा: 'क्ष'मध्ये कोणीच मेलं नाही आणि कोणीच विभागलं नाही, की निम्म्या मेल्या आणि उरलेल्या विभागून भरपाई झाली? दोन्हींत आकडा १ लाखच येतो.

इथे सीएफएसई कामाला येतो. हा रंग पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि प्रत्येक विभाजनाला निम्मा होतो. फ्लो सायटोमीटरवर ७२ तासांनीही एकच उंच शिखर जागच्या जागी असेल तर विभाजन नाही. डावीकडे पायऱ्यापायऱ्यांनी सरकलं असेल तर पायऱ्या मोजा. मृत्यू मोजायला अॅनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशींना चिकटतं) आणि प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशींत शिरतं). अॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए राहिलं तर मरू लागलेल्या पेशीही ठणठणीत दिसतील. वेळा २४, ४८, ७२ तास. फक्त शेवटच्या दिवशी बघितलंत तर मेलेल्या पेशी विरून गेलेल्या असतात आणि हिशेबातून सुटतात.

परिपक्वतेला एचएल-६० वर १ मायक्रोमोलर एटीआरए (अ जीवनसत्त्वापासूनचं ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल) चार-पाच दिवस द्या. पेशीच्या पृष्ठभागावरचं सीडी११बी हे प्रथिन वाढतं, एनबीटी चाचणीत पेशींत निळे ठिपके भरतात, गिम्साने रंगवलेल्या स्लाइडवर केंद्रकाला खाचा पडून खंड होऊ लागतात. ती स्लाइड स्वतः बघा, फ्लोच्या आकड्यांवर थांबू नका. एटीआरएच्या जोडीला जी-सीएसएफ घालून फरक बघता येतो. इथे एक मेख आहे: एचएल-६० पेशी १.२५ टक्के डीएमएसओनेही परिपक्व होतात. म्हणून औषध विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढंच नियंत्रणातही घाला.

आतला निरोप

जीएम-सीएसएफच्या ग्राहकाचे (पेशीवरच्या रिसेप्टरचे) दोन भाग, अल्फा आणि बीटा. बीटा भाग आयएल-३ आणि आयएल-५ यांच्या ग्राहकांतही तोच असतो, म्हणून या तिघांचे परिणाम एकमेकांसारखे दिसतात. बीटाला जोडलेलं जेएके२ हे एन्झाइम चालू होतं, ते स्टॅट५ या निरोप्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं. शिवाय रास-ईआरके आणि पीआय३के-एकेटी या वाटा उघडतात. पेशीला जगवणारी बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ ही प्रथिनं याच व्यवस्थेच्या जोरावर टिकून असतात.

उपाशी पेशींना १० नॅनोग्रॅम जीएम-सीएसएफ द्या आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांना नमुने घ्या. वेळ झाली की बर्फगार पीबीएस, त्यात सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स तुमच्यासाठी थांबत नाहीत. वेस्टर्नमध्ये फॉस्फो-स्टॅट५ (टायरोसिन ६९४), फॉस्फो-ईआरके, फॉस्फो-एकेटी (सेरिन ४७३) आणि प्रत्येकाचं एकूण प्रथिन. ब्लॉकिंगला दुधाच्या पावडरऐवजी बीएसए घ्या, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे.

यानंतरचा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो. टीएफ-१ आणि के५६२ दोन्हींना एकीकडे रुक्सोलिटिनिब (जेएके१/२ रोखणारं) आणि दुसरीकडे इमॅटिनिब (बीसीआर-एबीएल रोखणारं) द्या, १ मायक्रोमोलरच्या आसपास. जीएम-सीएसएफवर जगणाऱ्या टीएफ-१ रुक्सोलिटिनिबने ढासळतात, के५६२ तशाच राहतात. इमॅटिनिबने नेमकं उलट. दोन्हींत स्टॅट५ चालूच होतं, फक्त एकीत ते ग्राहकाकडून आलं होतं आणि दुसरीत बीसीआर-एबीएलकडून. त्याच टीएफ-१ एससीएफवर वाढवल्या तर मात्र इमॅटिनिब त्यांनाही अडवतं, कारण ते एससीएफच्या केआयटी या ग्राहकालाही रोखतं. पेशी तीच, औषध तेच, माध्यमातला फॅक्टर बदलला आणि उत्तर फिरलं.

स्वतःच फॅक्टर बनवत असतील तर?

काही ल्युकेमिया पेशी स्वतःचा फॅक्टर स्वतःच स्रवतात. डब्ल्यूईएचआय-३बी आयएल-३ इतकं सोडते की अनेक लॅब तिचंच जुनं माध्यम गाळून बीए/एफ३ पेशींना पाजतात. संशय असेल तर आधी फुकटची चाचणी करा: पेशी अगदी विरळ लावा, दर मिलिलीटरला १,००० ते ५,०००. दाटीत मजेत वाढणाऱ्या पेशी विरळपणात मरत असतील तर त्या एकमेकींना काहीतरी पुरवत आहेत. मग त्यांचं माध्यम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून उपाशी टीएफ-१ वर घाला, एलायझा करा, निष्प्रभ करणारं प्रतिपिंड वापरा. प्रतिपिंडाने फरक पडला नाही म्हणून शक्यता निकालात काढू नका. फॅक्टर आणि ग्राहक पेशीच्या आतच भेटत असतील तर बाहेरचं प्रतिपिंड तिथवर पोचत नाही.

आकडे

एका प्लेटवरच्या चार विहिरी म्हणजे चार प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर किमान तीन वेळा करा आणि सांख्यिकी त्या तीन सरासऱ्यांवर चालवा. मात्रा आणि प्रतिसाद यांचा वक्र चार घटकांच्या समीकरणाने बसवा.

रुग्णांच्या पेशींकडे वळताना

आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती; आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून मगच अर्ज करा. जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी.

या पेशी पेशीरेषांसारख्या वागत नाहीत. एएमएलच्या (तीव्र मायलॉइड ल्युकेमिया) बऱ्याच नमुन्यांतल्या ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी नुसत्या सिरममध्ये काही दिवसांत मरतात. एससीएफ, एफएलटी३ लिगँड, आयएल-३ अशी मिश्रणं, कधी खाली स्ट्रोमा पेशींचा थर, असं करावं लागतं. एकाचा प्रतिसाद दुसऱ्याशी जुळेलच असं नाही, म्हणून सगळ्यांची सरासरी काढून एकच स्तंभ दाखवू नका, प्रत्येक रुग्णाचा ठिपका वेगळा दाखवा. मिथाइलसेल्युलोजमध्ये १४ दिवसांनी वसाहती मोजायची जुनी पद्धत इथे अजून उपयोगी आहे. जेएमएमएल या लहान मुलांच्या आजारात पेशी जीएम-सीएसएफच्या अगदी थोड्या मात्रेलाही वसाहती देतात, आणि ही अतिसंवेदनशीलता अशाच प्लेटवर दिसून आली.

घरच्या कुणाला ल्युकेमिया आहे म्हणून कोणी हे वाचत असेल, तर डिशमधला निकाल थेट जी-सीएसएफच्या इंजेक्शनला लावू नका. केमोनंतर न्यूट्रोफिल लवकर वर यावेत म्हणून ते देतात, आणि फ्लॅग या औषधांच्या मिश्रणासारख्या केमोत तर ते मुद्दाम औषधांच्या जोडीने असतं. कधी द्यायचं, कधी नाही, ते उपचार करणारे हिमॅटोलॉजिस्टच ठरवतील.

औषध तपासत असाल तर शेवटची एक प्लेट जास्तीची लावा. जोरदार केमोनंतर रुग्णाच्या रक्तात एफएलटी३ लिगँडची पातळी चढते, आणि तो लिगँड एफएलटी३ रोखणाऱ्या औषधांची धार बोथट करू शकतो. तेव्हा एफएलटी३ रोखणारं मिडोस्टॉरिनसारखं औषध त्याच नमुन्यावर एकदा लिगँडशिवाय आणि एकदा लिगँड घालून तपासा, आणि दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढा.